कारखान्यातील रसायने आणि कर्करोग

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याने सुमारे तीस किलोमीटर गेले म्हणजे बुटीबोरी लागते. भोवती कपाशीची आणि तुरीची शेते, मध्ये एक लहानसे गाव आणि लोहमार्गावरील एक स्थानक, एवढीच या ठिकाणाची पूर्वी ओळख असे. आज तेथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची विस्तीर्ण वसाहत उभी आहे. कृत्रिम धागा, कापड, विजेच्या तारांसाठी लागणारे पोलादी मनोरे, मोटारींचे टायर असा नाना प्रकारचा माल तेथून बाहेर पडतो. आणि कारखान्यांतील घातक टाकाऊ पदार्थांची विल्हेवाट लावणारी जी मोजकी सामाईक केंद्रे महाराष्ट्रात आहेत, त्यांपैकी एक येथेच आहे. विदर्भातील हजारो कुटुंबांची चूल या वसाहतीच्या आधाराने पेटते.

अशा कुटुंबांतून, आणि नागपूरच्या सुशिक्षित घरांतूनही, एक प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो: कारखान्यातील रसायनांमुळे कर्करोग होतो, हे खरे काय? या प्रश्नास दोन उत्तरे ऐकू येतात. जेथे धुराडे तेथे कर्करोग असावयाचाच, असे काहीजण म्हणतात. आम्ही वीस वर्षे त्या रसायनात हात घातले, आम्हांस काही झाले नाही, असे दुसरे सांगतात. पहिल्या उत्तरात अतिशयोक्ती आहे. पण दुसरे उत्तर अधिक घातक आहे. कारण ज्या रोगाचा स्वभावच वीस-वीस वर्षे दडून राहण्याचा आहे, त्याच्याविषयी "अद्याप काही झाले नाही" हा पुरावा होऊ शकत नाही. बुटीबोरीतील अमुक कारखान्यामुळे अमुक मनुष्य आजारी पडला, असे येथे सुचवावयाचे नाही. या विषयाचे ज्ञान जगाला ज्या कारखान्यांतून मिळाले ते दूर देशांतील आहेत. परंतु ते ज्ञान ज्यांच्या उपयोगी पडावयाचे, ती माणसे बुटीबोरीसारख्या ठिकाणीच राहतात.

विषाचे दोन प्रकार ध्यानात घेतले पाहिजेत. १९८४ च्या डिसेंबर महिन्यात, २ आणि ३ तारखांमधील रात्री, भोपाळ येथे जो वायू सुटला त्याने काही तासांत हजारो माणसांचे प्राण घेतले. अशा विषाची साक्ष सारे जग देते. दुसऱ्या प्रकारचे विष मात्र कोणासही घेरी आणीत नाही, खोकला आणीत नाही, एक दिवसाची रजाही घ्यावयास लावीत नाही. कामगार संध्याकाळी हात धुऊन घरी जातो, जेवतो, झोपतो. रसायनाने शरीरात काय केले याचा पत्ता त्याला आणि त्याच्या वैद्यालाही अर्धे आयुष्य उलटल्यावर लागतो. आणि तेव्हा ते रसायन, तो कारखाना, कित्येकदा तो मालकही नाहीसा झालेला असतो.

हा संबंध प्रथम ओळखला तो लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने, १७७५ साली. त्या काळी इंग्लंडात घरांची अरुंद धुराडी साफ करण्यासाठी लहान मुलांना त्यांत चढवीत. ही मुले मोठी झाली म्हणजे त्यांच्यापैकी काहींना अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होई. त्वचेच्या वळ्यांत वर्षानुवर्षे साचून राहिलेली काजळी हे त्याचे कारण असावे, असा तर्क पॉटने केला. तर्क बरोबर होता, पण तो सिद्ध होण्यास एकशेचाळीस वर्षे लागली. १९१५ साली यामागिवा आणि इचिकावा या दोन जपानी संशोधकांनी सशांच्या कानांवर कोळशाचे डांबर पुन:पुन्हा लावले. हे कंटाळवाणे काम त्यांनी अनेक महिने चिकाटीने चालविले, आणि अखेर त्या कानांवर कर्करोगाच्या गाठी उठल्या. त्यांच्या आधी इतरांनी असाच प्रयत्न केला होता. त्यांस यश आले नाही. पुढे लंडनमध्ये केनवे यांच्या सहकाऱ्यांनी दोन टन डांबर गाळून, उकळून, वेगळे करून त्यातील एक अपराधी द्रव्य १९३३ साली शुद्ध स्वरूपात हाती घेतले. बेन्झोपायरीन हे त्याचे नाव. काजळीत, डांबरात आणि विडीच्या धुरातही ते असते.

डांबराची कथा येथे संपत नाही. १८५६ साली पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याला डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून जांभळा रंग सापडला आणि कृत्रिम रंगांचा प्रचंड उद्योग जन्मास आला. याच उद्योगाने पुढे बिहारच्या निळीची शेती मोडीत काढली. जर्मनीत आणि इंग्लंडात रंगांचे कारखाने उभे राहिले. त्यांतील एका जर्मन कारखान्यातील कामगारांविषयी फ्रँकफुर्टचे शस्त्रवैद्य लुडविग रेन यांनी १८९५ साली एक निवेदन केले. फुक्सिन हा किरमिजी रंग बनविणाऱ्या पंचेचाळीस कामगारांपैकी तिघांना मूत्राशयात गाठी झाल्या होत्या. मूत्राशयाचा कर्करोग हा काही रोजच्या पाहण्यातला रोग नव्हे. एवढ्याशा खात्यात तो तिघांना व्हावा, हे त्यांना योगायोगाचे वाटले नाही.

या रोगाला लोकांनी "अॅनिलीन कर्करोग" असे नाव दिले, आणि त्या नावाने बराच घोटाळा केला. खरा दोष अॅनिलीनचा नव्हता; त्याच कारखान्यांतील बीटा-नॅफ्थिलअमाइन आणि बेन्झिडीन या दोन द्रव्यांचा तो होता. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९२१ साली या रोगावर अहवाल प्रसिद्ध केला. १९३८ साली अमेरिकेत ह्यूपर यांनी बीटा-नॅफ्थिलअमाइन कुत्र्यांना देऊन त्यांच्या मूत्राशयात गाठी उत्पन्न होतात हे दाखविले. तरीही कारखाने चालूच राहिले. ब्रिटनमध्ये बीटा-नॅफ्थिलअमाइनचे उत्पादन बंद झाले ते १९४९ साली. म्हणजे रेन यांच्या निवेदनानंतर चोपन्न वर्षांनी.

शंकेला जागा उरू नये असा पुरावा दिला तो रॉबर्ट केस या ब्रिटिश संशोधकाने. त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात सूक्ष्मदर्शक यंत्रापेक्षा नोंदवहीचे काम अधिक होते. ब्रिटनच्या रंग-कारखान्यांत १९२० नंतरच्या काळात कोण कोण कामास होते, त्यांची यादी केस यांनी कारखान्यांच्या जुन्या वह्यांतून काढली. प्रत्येकाने कोणत्या द्रव्याशी, किती वर्षे काम केले ते लिहिले. मग मृत्यूच्या सरकारी दाखल्यांशी ही नावे एकेक करून ताडून पाहिली. सामान्य जनतेत जेवढे मृत्यू मूत्राशयाच्या कर्करोगाने व्हावयास हवेत, त्याच्या अनेक पटींनी अधिक मृत्यू या यादीत निघाले. बीटा-नॅफ्थिलअमाइन ऊर्ध्वपातनाने शुद्ध करणारी एक लहानशी टोळी होती. तिच्यातील एकूण एक माणसास हा रोग झाला. आणि काम सुरू केल्यापासून रोग दिसून येईपर्यंत सरासरी काळ गेला होता तो सुमारे अठरा वर्षांचा.

१९५४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातून एक अनपेक्षित गोष्टही उघडकीस आली. तुलनेसाठी म्हणून केस यांनी बर्मिंगहॅम शहरातील रुग्णांची कागदपत्रे घेतली. तेथे रंगांचा उद्योग नाही, तेव्हा तेथे हा रोग साधारण प्रमाणात असेल, अशी त्यांची अपेक्षा. पण त्या शहरातही मूत्राशयाचा कर्करोग अधिक आढळला, आणि रुग्णांचा व्यवसाय पाहता त्यांच्यापैकी बरेच जण रबराच्या कारखान्यांतील निघाले. रबर लवकर जुने होऊ नये म्हणून त्यात जे द्रव्य मिसळीत, त्यात बीटा-नॅफ्थिलअमाइनचा अंश होता. तेही द्रव्य १९४९ साली मागे घेण्यात आले. टायरच्या किंवा रबराच्या नळीच्या कारखान्यात राबणाऱ्या त्या माणसाने बीटा-नॅफ्थिलअमाइन हे नावही ऐकले नसेल. त्याच्या रोगाचे कारण ज्ञात झाले, ते त्याच्या कागदावर त्याचा व्यवसाय नीट लिहिलेला होता म्हणून.

आता हे द्रव्य शरीरात करते तरी काय? मानवी शरीर अगणित पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीच्या गाभ्यात डी.एन.ए. नावाचा एक अतिसूक्ष्म धागा असतो, आणि पेशीने केव्हा वाढावे, केव्हा दुभंगून दोन व्हावे, केव्हा थांबावे याच्या साऱ्या आज्ञा त्या धाग्यावर रासायनिक अक्षरांत लिहिलेल्या असतात. पेशी दुभंगते तेव्हा या लेखाची नक्कल होते. जुन्या काळी पोथ्या हाताने उतरून घेत. एका लेखनिकाने एक अक्षर चुकविले म्हणजे त्या प्रतीवरून पुढे उतरलेल्या सर्व पोथ्यांत ती चूक कायम राही. पेशीचेही तसेच आहे. काही रसायने या धाग्याला चिकटतात किंवा त्याला इजा करतात, आणि नक्कल होताना तेथे चुकीचे अक्षर पडते.

निसर्गाने या पोथीसाठी शुद्धलेखन तपासणारेही नेमलेले आहेत. बहुतेक चुका शरीर स्वत:च दुरुस्त करते आणि दुरुस्त न होणारी पेशी बहुधा मरून जाते. म्हणूनच रसायनाचा एकदा स्पर्श झाला की कर्करोग झालाच, असे होत नाही. पण स्पर्श रोजचा असेल तर एखादी चूक निसटते. "वाढ" म्हणणारी आज्ञा अडकून बसते; पुढे कधीतरी "थांब" म्हणणारी आज्ञाही पुसली जाते; दुरुस्ती करणारी यंत्रणा स्वत:च बिघडते. अशा अनेक चुका एकाच पेशीच्या वंशात एकत्र आल्या म्हणजे ती पेशी कोणाचे ऐकत नाही, आणि गाठ वाढू लागते. या चुका एकामागून एक जमण्यास वर्षे लागतात. रोग विलंबाने का येतो, याचे उत्तर यात आहे.

द्रव्य श्वासावाटे किंवा कातडीतून आत शिरते, मग कर्करोग मूत्राशयातच का व्हावा, असे कोणी विचारील. रक्तात आलेले परके द्रव्य यकृत बदलून टाकते, ते पाण्यात विरघळून लघवीवाटे निघून जावे म्हणून. शरीराची ही योजना एरवी हिताचीच असते. पण बीटा-नॅफ्थिलअमाइन आणि बेन्झिडीन यांच्या बाबतीत या बदलातूनच अधिक विखारी रूप निर्माण होते. ते मूत्रपिंडांतून मूत्राशयात येते आणि तेथे तासन् तास साचून राहते. शरीराने बाहेर घालविण्यासाठी दाराशी आणून ठेवलेले विष दाराच्या उंबरठ्यालाच खाऊन टाकते.

प्रत्येक रसायनाचे आवडते स्थान निराळे असते. चामड्याची चिकटवणी पातळ करण्यासाठी एके काळी सर्रास वापरले जाणारे बेन्झीन हाडांतील मगजावर आघात करते. इस्तंबूलच्या जोडे शिवणाऱ्या कामगारांत रक्ताच्या कर्करोगाचे रोगी कसे वाढले, हे तेथील डॉक्टर अक्सोय यांनी १९७४ साली दाखवून दिले. त्याच वर्षी अमेरिकेतील केंटकी संस्थानात, प्लॅस्टिकच्या नळ्यांसाठी लागणारे पी.व्ही.सी. बनविणाऱ्या एका कारखान्याच्या डॉक्टराच्या ध्यानात आले की, आपल्या कामगारांपैकी तिघे यकृताच्या एका अतिशय दुर्मिळ कर्करोगाने दगावले आहेत. दोष निघाला व्हिनाइल क्लोराइड या वायूचा. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे पाचशे भाग चालतील, असा तोवर नियम होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेने ही मर्यादा एका भागावर आणली. धातूवर चकाकणारा मुलामा चढविण्याच्या कामात क्रोमियमची जी पिवळी-नारिंगी संयुगे वापरतात, त्यांच्या वाफेने फुप्फुसाचा कर्करोग होतो. त्याआधी पुष्कळदा नाकाच्या पडद्याला भोक पडते; ती एक पूर्वसूचनाच असते. मात्र क्रोमियम म्हटले की विष, असेही नाही; स्टेनलेस पोलादाच्या ताटवाटीतील धातुरूप क्रोमियमला भिण्याचे कारण नाही. एकाच मूलद्रव्याचे एक रूप निरुपद्रवी आणि दुसरे प्राणघातक असू शकते. अॅस्बेस्टॉसचे तंतू हे रसायनापेक्षा खनिज म्हणावेत; पण फुप्फुसाच्या आवरणाला होणारा त्यांचा कर्करोग तीस-चाळीस वर्षांनीही प्रकट होतो, आणि कारखान्यात पाऊल न टाकलेल्या, केवळ नवऱ्याचे धुळीने माखलेले कपडे धुणाऱ्या स्त्रियांसही तो झाल्याचे लंडनमध्ये १९६५ साली दिसून आले.

फ्रान्समधील लिआँ या शहरी जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे. ती १९७१ पासून अशा पदार्थांची छाननी करीत आली आहे, आणि वर सांगितलेली बहुतेक द्रव्ये तिच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसास निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांत, मोडतात. या गटाचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे. पदार्थात ही शक्ती आहे, एवढेच तो गट सांगतो. कोणास किती धोका आहे, हे तो सांगत नाही. तो धोका ठरतो किती द्रव्य, किती वर्षे, कोणत्या मार्गाने शरीरात गेले यावरून. बंद पात्रातील व्हिनाइल क्लोराइड आणि उघड्या पिंपावर वाकून हुंगलेले व्हिनाइल क्लोराइड यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्याचबरोबर, जी द्रव्ये पेशीच्या धाग्यालाच इजा करतात, त्यांच्या बाबतीत अमुक मात्रेच्या खाली मुळीच भय नाही, अशी ग्वाही शास्त्र देत नाही. जितका संपर्क कमी, तितका धोका कमी, हाच येथे नियम.

प्रमाणाचे भानही सुटता कामा नये. अमेरिकेतील कर्करोगाच्या मृत्यूंपैकी शेकडा चारांच्या आसपास मृत्यू व्यवसायामुळे होत असावेत, असा अंदाज डॉल आणि पीटो या संशोधकांनी १९८१ साली केला. तंबाखूचा वाटा त्यांनी शेकडा तीस धरला. विदर्भापुरते बोलावयाचे तर, पानठेल्यावर घोटून मिळणारा खर्रा मुखाच्या कर्करोगाचे केवढे मोठे कारण आहे, हे नागपूरच्या कोणत्याही कर्करोग-रुग्णालयात पाहता येते. खर्रा तोंडात धरून कारखान्याच्या धुराला दोष देणारा मनुष्य स्वत:ची फसवणूक करतो. पण शेकडा चार हा आकडा साऱ्या जनतेचा आहे. तो सर्वांमध्ये सारखा वाटला जात नाही. कार्यालयात बसणाऱ्याच्या वाट्यास त्यातले काहीच येत नाही आणि विशिष्ट खात्यात पिंपे ओतणाऱ्याच्या वाट्यास ते फार मोठ्या प्रमाणात येते. शिवाय एक कारण दुसऱ्याचे बळ वाढविते. अॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम करणारा मनुष्य विडी-सिगारेट ओढणारा असला, तर त्याच्या फुप्फुसाचा धोका नुसत्या बेरजेने वाढत नाही, पटींनी वाढतो. आणि ज्या बीटा-नॅफ्थिलअमाइनपायी एवढे कामगार गेले, ते अल्प प्रमाणात सिगारेटच्या धुरातही सापडते.

या रोगांचा एक मोठा गुण असा की ते टाळता येतात. मनुष्याला वय टाळता येत नाही, आईबापांकडून आलेली प्रकृती बदलता येत नाही. पण कारखान्यातील द्रव्य बदलता येते. सर्वांत उत्तम उपाय तोच: घातक द्रव्याऐवजी निर्धोक द्रव्य वापरणे. भारत सरकारने बेन्झिडीनपासून बनणाऱ्या अनेक रंगांवर १९९० नंतरच्या दशकात बंदी घातली, ती याच तत्त्वावर. बदल शक्य नसेल तर द्रव्य बंद नळ्यांतून आणि पात्रांतून खेळवावे; तेही न साधेल तेथे वाफ जागच्या जागी ओढून घेणारे पंखे बसवावेत. तोंडावरचा मुखवटा आणि हातमोजे हा शेवटचा उपाय होय. तो पहिला मानणाऱ्या कारखान्यात रक्षणाचा सारा भार कामगाराच्या नाकावर टाकलेला असतो. आणि मे महिन्यातील नागपूरच्या उन्हात आठ तास मुखवटा बांधून राहणे किती जणांस साधते, हे सांगावयास नको.

कायद्यानेही या विलंबाची दखल घेतलेली आहे. भोपाळच्या आपत्तीनंतर, १९८७ साली, १९४८ च्या कारखाना कायद्यात घातक उद्योगांविषयी एक नवे प्रकरण घालण्यात आले. आपण कोणत्या द्रव्याशी काम करतो आणि त्यापासून काय अपाय संभवतो हे कामगारास सांगणे, त्याच्या प्रकृतीची नोंद ठेवणे आणि ती त्याला पाहू देणे, हे मालकाचे कर्तव्य ठरले. घातक द्रव्याच्या कामावर घेण्यापूर्वी, काम चालू असताना, आणि ते काम सोडल्यानंतरही, बारा महिन्यांहून अधिक अंतर न पडू देता, कामगाराची वैद्यकीय तपासणी व्हावी, असे त्यात म्हटले होते. "सोडल्यानंतरही" या एका शब्दात रेन आणि केस यांच्या साऱ्या संशोधनाचे सार आले आहे. अॅस्बेस्टॉसच्या कामगारांविषयी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या जानेवारीत तर अशी आज्ञा केली की, प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामास लागल्यापासून निदान चाळीस वर्षे, किंवा काम सोडल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जो काळ लांब असेल तोवर जपून ठेवावी. कारखाना कायद्याचा विषय पुढे संसदेने २०२० साली संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेत समाविष्ट करण्यात आला.

कायदा असा दूरदृष्टीचा असताना अडचण कोठे येते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. बाविसाव्या वर्षी एखादा तरुण यवतमाळकडून औद्योगिक वसाहतीत येतो. कंत्राटदारामार्फत त्याला रसायनांची पिंपे रिकामी करण्याचे काम मिळते. पिंपावरचा कागद इंग्रजीत, त्याचाही अर्धा भाग फाटलेला. कंत्राटदार बदलतो तसे हजेरीपत्रकही बदलते. सहा वर्षांनी तो काम सोडून नागपुरात ऑटोरिक्षा चालवू लागतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याला एके दिवशी लघवीतून रक्त जाते. दुखत नाही, म्हणून तो दोन महिने दुर्लक्ष करतो. अखेर डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर विचारतात, "काय काम करता?" तो सांगतो, "रिक्षा चालवतो." उत्तर खरे आहे, आणि त्या खऱ्या उत्तराने पंचवीस वर्षांपूर्वीची सारी हकीकत पुसून टाकली आहे. रोगाची नोंद होईल. कारणाची होणार नाही. आणि त्याच खात्यात त्याच्या जागी आज जो बाविशीचा तरुण उभा असेल, त्याला सावध करण्यास कोणापाशी काही आधार राहणार नाही.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. भारतातील पहिली शहरव्यापी कर्करोग-नोंद १९६३ साली मुंबईतच सुरू झाली, आणि पुढे नागपुरातही अशी नोंद ठेवली जाऊ लागली. कोणत्या शहरात कोणता कर्करोग वाढतो आहे, हे या नोंदींवरून कळते. पण त्या रोगाचा आणि कामाचा धागा जोडावयाचा तर दुसऱ्या टोकालाही वही असावी लागते, आणि ती कारखान्यात आणि कामगाराच्या घरात असावी लागते. केस यांना ब्रिटनमध्ये दोन्ही वह्या मिळाल्या, म्हणून सत्य हाती आले.

घरच्या मंडळींनी करण्यासारख्या गोष्टी फारशा अवघड नाहीत. घरातील कोणी कारखान्यात असेल, तर त्याने कोणत्या साली, कोणत्या कारखान्यात, कोणत्या खात्यात, कोणत्या द्रव्याशी काम केले, हे एका साध्या वहीत लिहून ठेवावे. द्रव्याचे नाव पिंपावर असते, आणि त्याचे सुरक्षिततेचे माहितीपत्रकही कारखान्याकडे असते. ते मागण्यात संकोच नसावा. कामाचे कपडे कारखान्यातच उतरावेत. ते मुलाबाळांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. जेवणापूर्वी आणि घरी निघण्यापूर्वी साबणाने अंग धुवावे; कातडीला लागलेले तेलकट रसायन काढण्यास पेट्रोल किंवा थिनर कदापि वापरू नये, कारण ते दुसरेच विष कातडीतून आत नेते. रसायनांची रिकामी पिंपे बाजारात स्वस्त मिळतात. उन्हाळ्यात पाणी साठविण्यासाठी ती घरात आणण्याचा मोह टाळावा. कितीही वेळा विसळले तरी पिंपाच्या अंगात मुरलेले द्रव्य निघेलच, याची शाश्वती नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लघवीतून वेदनेवाचून रक्त गेले, नाकातून वारंवार रक्त येऊ लागले, तीन आठवड्यांहून अधिक खोकला टिकला, विनाकारण थकवा आणि ताप राहू लागला, तर डॉक्टरांकडे जावे, आणि न विचारता जुना व्यवसाय सांगावा. ही सारी लक्षणे बहुधा साध्याच आजारांची ठरतात. तथापि मूत्राशयाची गाठ आरंभी सापडली तर तिच्यावर चांगला उपाय होतो, उशिरा सापडली तर तो कठीण होतो. डॉक्टरांनीही "आता काय करता?" एवढ्यावर न थांबता "यापूर्वी काय काय केले?" हा दुसरा प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी. त्यास एक मिनिट लागते.

उद्योगाशिवाय विदर्भाचा निर्वाह नाही, आणि कारखान्याला भिऊन कोणी शेतावर परत जाणार नाही. जावे असेही नाही. ज्या देशांत हे रोग प्रथम दिसले, तेथे कारखाने बंद पडले नाहीत. द्रव्ये बदलली, यंत्रे बदलली आणि रोग हटला. फरक इतकाच की, त्यांना ते शहाणपण आपल्या कामगारांचे प्राण देऊन विकत घ्यावे लागले. बुटीबोरीला ते आयते मिळालेले आहे. आज ज्याचे नाव, खाते आणि द्रव्य वहीत नीट लिहिले जाईल, त्या तरुणाला आणखी पंचवीस वर्षांनी त्या वहीचा उपयोग होईल.